पालवी फुटली, पण मूळ फुटले का?

पावसाळा सुरू झाला की घरोघरी जास्वंदीच्या फांद्या मातीत खोचल्या जातात. आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात, इवली पाने दिसू लागतात आणि "फांदी जगली!" म्हणून आपण खूष होतो. पण पुढच्या पंधरवड्यात तीच पाने माना टाकतात. फांदी उपटून पाहावी, तर खाली एकही मूळ नसते! मग पालवी आली कोठून?

ती आली फांदीत साठलेल्या अन्नाच्या आणि पाण्याच्या जोरावर. पाने पाण्याची वाफ सतत बाहेर टाकत असतात. मुळे नसलेल्या फांदीला मात्र कापलेल्या टोकातून थोडेच पाणी मिळते. म्हणजे येथे एक शर्यतच लागलेली असते: फांदी आधी सुकते की मुळे आधी फुटतात? छाट कलमाचे सारे नियम या शर्यतीत मुळांना जिंकवण्यासाठी आहेत.

मुळे फुटतात कशी? शेंड्याच्या कळीत आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचे संजीवक तयार होते व खोडातून खाली उतरते. फांदी कापली की त्याची वाट तुटते आणि ते कापलेल्या टोकाशी साचते. तेथील सालीआडच्या जिवंत पेशी विभागू लागतात व त्यांतून मुळांचे अंकुर बनतात. १९३५ साली अमेरिकेतील झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लानेही खोडाला मुळे फुटतात, असे दाखवून दिले. रोपवाटिकांत आजही हे आम्ल वापरतात.

सर्व झाडे मात्र सारखी नसतात. उसाच्या कांडीवर डोळ्यापाशी बारीक ठिपक्यांच्या ओळी पाहा. ते मुळांचे तयार अंकुरच होत! म्हणून उसाची टिपरी सहज रुजते. आंब्याच्या फांदीला मुळे फुटणे फार कठीण; म्हणून आंब्याचे कलम रोपावर बांधतात.

आता जास्वंदीकडे वळू. पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सें.मी. लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्या. खालचा काप धारदार चाकूने डोळ्याच्या किंचित खाली द्या. खालची पाने काढा. वरची दोन ठेवा, पण निम्मी कापून. सगळीच पाने काढली तर पाणी वाचेल, पण अन्न आणि ऑक्सिन पुरवणारे कारखानेही बंद पडतील! फांदी उलटी न खोचता धुतलेल्या वाळूत लावा. वाळू ओलसर असावी, चिखल नको. मुळांना हवाही लागते. कुंडीवर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर घाला आणि कुंडी उजेडात, पण उन्हाआड ठेवा.

हे खरे की खोटे, ते तुम्हीच तपासा. एकाच झाडाच्या बारा फांद्या घ्या. चारांची सर्व पाने ठेवा, चारांची दोन अर्धी पाने ठेवा, चारांची सगळी काढून टाका. बाकी सर्व सारखे असू द्या. पालवी कधी दिसली ते वहीत टिपा. सहा आठवड्यांनी फांद्या वाळूसकट हलकेच काढा, धुवा आणि मुळे मोजा. पालवीची नोंद आणि मुळांची संख्या शेजारी शेजारी लिहिली, की पालवीवर किती भरवसा ठेवायचा हे तुमची वहीच सांगेल.