खडकाळ वाटेच्या मालगाडीस चाक केवढें असावें?

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता चेलाडी फाट्यावर सोडून नसरापुरांत शिरलें, म्हणजे पुढें वेल्ह्यापर्यंत डांबरी सडक आहे. परंतु शेतकऱ्याचा माल कांहीं सडकेवर पिकत नाहीं. मार्गासनी, विंझर, साखर, केळद इकडील भात खाचरांत पिकतें, आणि खाचरापासून सडकेपर्यंतची वाट कोठें मुरुमाची, कोठें दगडगोट्यांची, कोठें ओढ्यांतून गेलेली, आणि आषाढ-श्रावणांत बहुतेक सगळी चिखलाची. या वाटेवर पूर्वी बैलगाडी चाले. आतां पुष्कळ घरीं पिकअप किंवा जीप आली आहे, व चारही चाकांस ओढ असलेली गाडी घेणारेही आहेत. गाडी दारांत आली, कीं लागलीच मूळचीं चाकें काढून मोठीं घालण्याचा विचार घरांतील तरुण मंडळी बोलूं लागतात. यापायीं पैसा फुकट गेलेला आणि क्वचित् प्रसंग जिवावर बेतलेला ऐकिवांत आल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्या जुन्या बैलगाडीचें चाक तुंब्यापासून धावेपर्यंत सगळें कठीण. त्याची उंची एकच. ती जितकी अधिक, तितकें चाक खळग्यांत कमी उतरतें व दगडावर सहज चढतें. म्हणूनच आपल्या सुतारांनीं गाडीचीं चाकें एवढालीं उंच केलीं. मोटारीच्या चाकास मात्र दोन मापें असतात. एक आंतल्या धातूच्या कड्याचें, ज्यास दुकानदार रिम म्हणतात. आणि दुसरें टायरासकट बाहेरच्या उंचीचें. खळगा आणि दगड यांस बाहेरची उंची तेवढी कळते. रिम मोठी केली आणि बाहेरची उंची तीच राहिली, तर वाढला तो धातु, आणि घटली ती रबराची भिंत. दुकानांत "सोळाचे काढून अठराचे घाला" असें जें सांगतात, तें रिमेविषयीं असतें, हें पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं.

टायराच्या कुशीवरील आंकडे वाचतां येणें हें सात-बाराचा उतारा वाचतां येण्याइतकेंच अवश्य आहे. (सारा जन्म उतारे लिहिण्यांत घालविलेल्यास दुसरी उपमा कोठून सुचणार!) उदाहरणार्थ, महिंद्रा कंपनीच्या बोलेरो गाडीचा टायर २१५/७५ आर १५ या मापाचा असतो. यांतील २१५ ही रुंदी, मिलिमीटरांत. ७५ याचा अर्थ, भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, म्हणजे सुमारें १६१ मिलिमीटर. १५ हा रिमेचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक व खालीं एक अशा दोन धरून बेरीज केली, कीं चाकाची एकंदर उंची सुमारें ७०४ मिलिमीटर भरते. त्याच रिमेवर २३५/७५ आर १५ हा टायर चढविला, तर उंची सुमारें ७३४ होते. वाढ ३० मिलिमीटरांची दिसते खरी. परंतु आखाखालीं मिळणारी जागा तिच्या निम्म्यानेंच, म्हणजे १५ मिलिमीटर वाढते. एका बोटाच्या रुंदीएवढ्या या लाभासाठीं काय काय द्यावें लागतें, तें पुढें पाहूं.

रिमेचा प्रकार याहून निराळा. २०२० सालीं निघालेल्या थार गाडीस कंपनीनेंच सोळा इंची रिमेवर २४५/७५ आणि अठरा इंची रिमेवर २५५/६५ असे दोन टायर दिले. हिशेब केल्यास दिसतें कीं, रिम दोन इंचांनीं वाढूनही बाहेरची उंची वाढली ती सुमारें १५ मिलिमीटर, आणि रबराची भिंत मात्र १८४ वरून १६६ वर आली. डांबरी रस्त्यावर आंखूड भिंतीची गाडी वळणांत कमी डुलते, आणि दिसण्यांतही ती ऐटबाज असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दगडगोट्यांवर हीच भिंत गादीचें काम करते. ती आंखूड झाली, म्हणजे धोंडा आणि रिमेची कड यांच्यामध्यें रबर चेंगरतें. रिम वांकते किंवा टायर कुशींत कापला जातो. तळव्यांत खिळा घुसला तर ठिगळ लागतें. कुशींत कापलेला टायर ठिगळानें भरंवशाचा होत नाहीं, तो टाकूनच द्यावा लागतो. म्हणून ज्याची गाडी महिन्यांतून चार वेळां तरी खडकावरून जाते, त्यानें त्या गाडीस मिळणाऱ्या मापांपैकीं लहान रिमेचें व उंच भिंतीचें माप घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रुंदीविषयीं लोकांची समजूत अशी, कीं टायर रुंद असला म्हणजे गाडी रुतत नाहीं. हें खोल चिखलास व वाळूस लागू आहे. आमच्या भागांतील वाटांवर वरचा चिखल पुष्कळ ठिकाणीं चार-सहा बोटेंच असतो आणि खालीं मुरूम किंवा कातळ लागतो. तेथें अरुंद चाक चिखल कापून खालच्या कठीण थरावर टेंकतें, आणि रुंद चाक वरच्यावर घसरत राहतें. मुंबईस महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं ज्या विलिस जीपा जुळविण्यास आरंभ केला, त्यांचा टायर ६.००-१६ या मापाचा, म्हणजे सहाच इंच रुंद व बाहेरून सुमारें २८ इंच उंच असे. ती जीप मुळांत लष्करासाठीं, वाईट वाटांवर चालावयासच घडविलेली होती, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांस आजही पुष्कळदां हेंच ६.००-१६ माप असतें; परंतु त्याची नक्षी व वेगाची मर्यादा निराळी असल्यामुळें तो टायर जीपेस घालूं नये.

खाचरांत मात्र गाडी घालूंच नये, मग चाक रुंद असो वा अरुंद. चिखलणीनें खाचराच्या तळाशीं जो दाबलेला थर बसतो, तोच पाणी धरून ठेवितो. भरल्या गाडीच्या चाकोऱ्या त्या थरांतून उतरल्या, कीं पाणी खालीं झिरपूं लागतें, आणि तें नुकसान इंद्रायणीच्या पुढल्या पिकांत दिसतें. पोतीं बांधापर्यंत माणसांनीं आणावीं, गाडी कडेला उभी करावी.

चाक न बदलतां रुतणें टाळण्याचा एक उपाय जवळजवळ फुकटचा आहे, तो हवेचा. गाडी रिकामी किंवा हलकी असेल तर नेहमींच्या हवेपैकीं चौथा हिस्सा काढावी. टायर जमिनीवर लांबट पसरतो व पकड वाढते. वेग बैलगाडीहून फारसा अधिक ठेवूं नये, आणि सडकेस लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी, कारण कमी हवेनें वेगांत धांवणारा टायर तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा लहान पंप गाडींत ठेवणें मोठ्या चाकांच्या मानानें अत्यल्प खर्चाचें आहे. भरल्या गाडीची हवा मात्र काढूं नये.

आतां त्या बोटभर लाभाची किंमत. चाक शेंकडा चार उंच झालें, कीं ओढ जवळजवळ तितकीच घटते. वेल्ह्यापलीकडील चढावर वीस पोतीं घालून गाडी निघाली, म्हणजे ही घट क्लचला जाळून वसूल होते. मीटर ६० दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टच्या वेगानें चाललेली असते. ब्रेक तेच, पण त्यांस थांबवावें लागणारें चाक जड व उंच. उतारावर याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या पिकअपचीं नवीं चाकें गाडी रिकामी असतां उत्तम फिरत. भात भरल्यावर कमानी दबल्या, आणि घाटाच्या वळणावर टायर पत्र्यास घासूं लागून रबराचा धूर निघाला. दैव बरें, गाडी डोंगराच्या अंगास होती. यासाठीं ज्यास चाक बदलावयाचेंच आहे, त्यानें पैसे देण्यापूर्वीं गाडींत पूर्ण भार घालून दुकानाच्या आवारांतच दोन्हीं बाजूंस शेवटपर्यंत चाक वळवून पाहावें.

कायद्याकडेही पाहिलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रकांतील तपशील कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. अपघात झाल्यावर विम्याचा अधिकारी चाकें मोजावयास बसला, तर वाद कोणी घालावा? आपल्या नमुन्यास कारखानदारानें जीं मापें मंजूर केलीं आहेत, तीं गाडीच्या पुस्तिकेंत असतात, त्यांतलेंच निवडावें.

मापानंतर जो एक अंक येतो तो भाराचा. तेथें १०० असल्यास तो टायर ८०० किलो वजन सोसतो. नवा टायर या अंकांत जुन्याहून उणा नसावा. कुशीवर चार आंकड्यांची तारीखही असते. २४२३ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. दुकानांत पडून जुना झालेला टायर स्वस्त म्हणून गळ्यांत मारतात, तेव्हां हे चार आंकडे वाचून मग भाव करावा. चारही चाकांस ओढ असलेल्या गाडीच्या मालकानें तर चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले ठेवावे, नाहीं तर कठीण रस्त्यावर मधल्या दांत्यांवर अखंड ताण पडतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. चार नवीं चाकें घेऊन पांचवें जुनेंच ठेवणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांचें काम पंक्चर होईपर्यंतच ठीक चालतें.