मिनिटाला अर्धा लिटर

एरवी गर्भाशयाचं वजन साधारण 70 ग्रॅम असतं आणि आतली पोकळी 10 मिलीलिटरची, म्हणजे दोन चमचे. दिवस भरेपर्यंत तेच गर्भाशय 1,100 ग्रॅमचं होतं आणि बाळ, वार, पाणी मिळून सरासरी 5 लिटर ऐवज पोटात घेतं. पाचशे पट! या कामासाठी बाईच्या अंगात सव्वा ते दीड लिटर रक्त जास्तीचं तयार होतं. शेवटच्या आठवड्यांत दर मिनिटाला 500 ते 700 मिलीलिटर रक्त गर्भाशयाकडे धावत असतं. अर्धा लिटर दुधाची पिशवी मिनिटभरात रिकामी व्हावी आणि लगेच दुसरी फोडावी, असा हा वेग.

बाळ बाहेर येतं, मागोमाग वार सुटते, आणि जिथे ती चिकटलेली होती तिथे शंभरएक रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. रक्त गोठायची वाट पाहायला वेळ नसतो. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात. ते आकसतात आणि मधून जाणाऱ्या वाहिन्या आवळून टाकतात. बहुतेक बायकांमध्ये हे आपसूक होतं. जिथे होत नाही, तिथे बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जातच राहतं. बाळंतपणानंतरच्या अति रक्तस्रावांपैकी दहातले सात याच कारणाने होतात: स्नायू थकतो, ढिला पडतो. प्रसूतिसेवेच्या प्रशिक्षणात जुना आडाखा सांगतात की उपचार मिळाले नाहीत, तर अशा बाईच्या हाती सरासरी दोन तास असतात.

2023 साली जगात गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी अंदाजे 2 लाख 60 हजार स्त्रिया दगावल्या. दिवसाला सातशेहून जास्त. बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव वर्षाला सुमारे 1 कोटी 40 लाख जणींना होतो आणि त्यात 70 हजारांच्या आसपास मरतात. भारतात 2018–20 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 मातामृत्यू होते, महाराष्ट्रात 33.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) मापाची आहे. 500 मिलीलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की धोका, हे पुस्तकात दशकानुदशकं छापलेलं. पण मोजायचं कशाने? चादरीत मुरलेलं, कापसात शोषलेलं, खाटेखाली ओघळलेलं रक्त नर्सबाई नजरेने जोखत आल्या. जन्मलेल्या बाळाचं वजन आपण ग्रॅममध्ये लिहितो आणि आईचं रक्त ‘थोडं जास्त’ अशा शब्दांत. याला निष्काळजीपणाच म्हणायला हवं, आणि तो नर्सबाईंचा नाही.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर याला साधं उत्तर शोधलं: बाळंतिणीखाली घालायचं प्लॅस्टिक, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. नजरेचा अंदाज आणि ही पिशवी यांची तुलना केली तेव्हा नजर सुमारे 33 टक्के कमी सांगते असं निघालं. म्हणजे तिसरा हिस्सा रक्त कुणाला दिसतच नव्हतं. याच पिशवीने मोजून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकसायला लावणाऱ्या गोळ्यांची चाचणी झाली. फ्रीज नको, सुई नको, गोळ्या देणाऱ्या गावपातळीवरच्या परिचारिका, म्हणजे एएनएम. अति रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. 2006 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत, 2 लाख 10 हजारांवर बाळंतपणांत, रेघांची पिशवी आणि उपचारांचा एक संच एकत्र वापरून पाहिला. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, सगळं एकदम. एकाचा गुण येतो का ते बघत थांबायचं नाही. तुलनेच्या रुग्णालयांतही पिशवी होतीच, फक्त रेघांविना. तिथे अति रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच बायका वेळेत ओळखल्या गेल्या. रेघा असलेल्या ठिकाणी 93 टक्के. हे सगळे उपचार तिथे 19 टक्के जणींना मिळाले, इथे 91 टक्के जणींना. गंभीर परिणाम 4.3 टक्क्यांऐवजी 1.6 टक्के. यातली औषधं जुनीच आहेत. ऑक्सिटोसिनचा नेहमीचा 10 युनिटचा डोस भरतो जेमतेम 17 मायक्रोग्रॅम, आणि त्याने किलोभराचा स्नायू आवळतो.

तरीही 500 ची रेघ सगळ्यांना सारखी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, महाराष्ट्रात 45.7 टक्के. आधीच फिकट पडलेल्या, पंचेचाळीस किलोच्या बाईला अर्धा लिटर सोसेलच असं नाही. म्हणून आता 300 मिलीलिटर रक्त गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर तिथेच उपचार सुरू करायला सांगतात.