पॉवर बँक म्हणजे मोबाइल नव्हे

दिवाळीच्या आधी परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायची घाई सुरू झाली, की एक सल्ला हमखास कानावर येतो. चकली-चिवड्याच्या खोक्यात पॉवर बँक घालायची असते, कुरिअरवाला नाही म्हणतो, आणि कोणीतरी जाणकाराच्या सुरात सांगतं, ‘चार्जिंग पूर्ण उतरवा आणि फॉर्मवर फक्त खाऊ लिहा. काही होत नाही.’ चांगली शिकलेली माणसं हे सांगतात, म्हणून जास्तच संताप होतो.

‘मोबाइल जातो, मग पॉवर बँक का नाही?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपमध्ये बॅटरी उपकरणाच्या आत बसवलेली असते. पॉवर बँकेचं कामच वीज साठवून दुसऱ्याला देण्याचं, म्हणून ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात ती सुटी बॅटरी धरली जाते. धोकादायक मालाच्या यादीत उपकरणातल्या लिथियम-आयन बॅटरीचा क्रमांक यूएन ३४८१, सुटीचा यूएन ३४८०. सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला ‘इकाओ’ या संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संस्थेने १ एप्रिल २०१६ पासून बंदी घातली. मालवाहू विमानात त्या चालतात, पण चार्ज ३० टक्क्यांच्या आत हवा, शिवाय ठरलेलं पॅकिंग, लेबलं आणि धोकादायक मालाची कागदपत्रं हवीत. घरून खोकं भरणाऱ्याला हे जमण्यासारखं नाही. कुरिअरची पार्सलं तर अनेकदा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातात.

चार्जिंग उतरवल्याने धोका कमी होतो, संपत नाही. सेलमधलं इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असतं, ते तिथेच राहतं. एक सेल आतून शॉर्ट झाला, की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवू शकते. मालकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण सेलच्या आत सुरू झालेली ही साखळी त्याने थांबत नाही.

आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात उड्डाणानंतर थोड्याच वेळात आग लागली. वैमानिकांनी विमान मागे वळवलं, पण धुरामुळे त्यांना समोरची उपकरणंही दिसेनात. दोघेही गेले. विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. संयुक्त अरब अमिरातीच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा अहवाल सांगतो, की धोकादायक म्हणून जाहीर केलेला एकही माल त्यात नव्हता, मात्र किमान तीन खेपा तशा जाहीर करायला हव्या होत्या. फॉर्मवरची ‘खाऊ’ची ओळ खोटी असेल, तर विमानात काय चढवलंय हे वैमानिकाला कधीच कळत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘फुगलेल्या बॅटरीचा फोन दुरुस्तीसाठी पाठवता येतो’: नाही, आग लागण्याचा धोका असलेली खराब बॅटरी हवाईमार्गे मुळीच चालत नाही. ‘बबल रॅप गुंडाळला की पुरे’: तो धक्का सोसतो, पण त्याने शॉर्ट सर्किट टळेलच असं नाही. ‘चेक-इन बॅगेत टाकून न्या’: पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-अवरची होते.

मोबाइल, लॅपटॉप किंवा स्मार्टवॉच पाठवायचं असेल, तर बॅटरी उपकरणातच राहू द्या, ते पूर्ण बंद करा, चुकून सुरू होणार नाही असं पॅक करा आणि फॉर्मवर बॅटरी असल्याचं स्पष्ट लिहा. कुरिअर कंपनी आणि त्या देशाचे नियम आधी विचारा, कारण सगळ्याच कंपन्या असं पार्सल घेत नाहीत. पॉवर बँक मात्र मुलांना तिकडेच विकत घेऊ द्या.