जीभ निळी नसली तरी

पावसाळा सरता सरता कळपातली मेंढी लंगडू लागली, ओठ सुजले, नाकातून शेंबूड आला, की बहुतेक जण म्हणतात, 'खुरकूत झालीय.' दर वेळी ते खरं नसतं. हा नीलजिव्हा, म्हणजे ब्लूटंग असू शकतो. भारतात तो प्रथम नोंदला गेला 1964 साली, आपल्याच महाराष्ट्रात. नावावर जाऊ नका. जीभ निळी पडलेली मेंढी क्वचितच दिसते. त्यापेक्षा पाय उचलून पाहा. खुराच्या वरच्या कडेला, कातडी जिथे नखाला भेटते तिथे, लालसर-जांभळा पट्टा दिसला तर शंका पक्की धरा. अंगात 106 अंशांपर्यंत ताप असतो, तोंडात व्रण असतात.

तरीही डोळ्यांवर निदान सोडू नये. पीपीआर आणि लाळ्या-खुरकूतही असेच भासतात. तापातच घेतलेलं, न गोठणारं रक्त बर्फावर प्रयोगशाळेत गेलं, तर आरटी-पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो. एलायझा चाचणीतले प्रतिपिंड मात्र जुन्या संसर्गाचे किंवा लसीचेही असू शकतात.

विषाणू पसरवतात क्युलिकॉइडस चिलटं. जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची ही चिलटं शेण-चिखलात वाढतात, तिन्हीसांजेला आणि पहाटे चावतात. गाईगुरं वरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू असू शकतो. म्हणून मेंढ्या त्यांच्यापासून दूर बसवाव्यात, वाडगा कोरडा ठेवावा. या रोगावर नेमकं औषध नाही. आपल्याकडची लस पाच प्रकारांवर चालते, विषाणूचे प्रकार मात्र चोवीसहून अधिक आहेत. तरी ती टाळू नका. पावसाळ्याआधीच पशुवैद्यकांना गाठून टोचून घ्या.