कर्जफेडीसाठी घरखर्चाचे अंदाजपत्रक

कर्ज फिटत नाही याचे कारण उत्पन्न अपुरे आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु वर्षाचे उत्पन्न वर्षाच्या खर्चाहून अधिक असूनही कर्ज वाढत गेलेली कुटुंबे गावोगाव आढळतात. याचे मूळ पैसा येण्याच्या व जाण्याच्या वेळेत असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा दोन-तीन वेळा येतो आणि बाराही महिने जातो. म्हणून शेतकऱ्याचे अंदाजपत्रक हे वर्षाच्या एकूण बेरजेचे नव्हे, तर महिन्यांचे असले पाहिजे.

उदाहरणादाखल मराठवाड्यातील पाच एकर जमिनीचे एक कुटुंब घेऊ. तीन एकरांत सोयाबीन, दोन एकरांत तूर, सोयाबीन निघाल्यावर त्यांपैकी दोन एकरांत विहिरीच्या पाण्यावर हरभरा आणि दारात एक म्हैस. सोसायटीचे पीककर्ज 80,000 रुपये, ते मार्चअखेर भरावयाचे. याखेरीज लग्नासाठी काढलेले 60,000 रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने. शेकडा तीन हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. परंतु त्याचे महिन्याला 1,800 आणि वर्षाला 21,600 रुपये होतात, आणि मुद्दलातील एक रुपयाही कमी होत नाही. या कुटुंबाचे खरे कर्ज हे आहे.

आता उत्पन्न मांडावयाचे. येथे बहुतेकांची चूक होते, कारण माणसाला सर्वांत चांगले वर्षच आठवते. मागील पाच वर्षांचे उतारे लिहून त्यांतील मधला आकडा धरावा. या कुटुंबाचे सोयाबीन एकरी 6 क्विंटल धरले, तर 18 क्विंटलांचे 4,000 रुपये दराने 72,000 रुपये होतात. तुरीचे 39,000 व हरभऱ्याचे 60,000 धरू. म्हैस वर्षातील नऊ महिने, वैरण व पेंडीचा खर्च वजा जाता, दरमहा 3,500 रुपये देते आणि उन्हाळ्यात आटते. उन्हाळ्यातील मजुरीचे 18,000 व पंतप्रधान किसान सन्मान निधीचे 6,000 रुपये यांत मिळवावे.

घरखर्चाचा आकडा कर्त्या पुरुषाने एकट्याने सांगू नये. किराणा, रॉकेल की गॅस, दळण, मुलांच्या वह्या, सासूबाईंची औषधे यांचा हिशेब घरातील स्त्रीलाच ठाऊक असतो. तिला समोर बसवल्यावाचून काढलेले अंदाजपत्रक दोन महिन्यांतच मोडते, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. या घराचा खर्च दरमहा 6,500 रुपये निघाला. शिवाय दिवाळीचे 5,000, जूनमधील शाळेचे 10,000 व पावसाळ्यातील आजारपणाचे 6,000 रुपये.

हिशेबास ऑक्टोबरपासून आरंभ करावा, कारण त्या वेळी हातात रक्कम असते. सोयाबीनच्या 72,000 मधून हरभऱ्याच्या पेरणीपासून काढणीपर्यंतचे 22,000 वेगळे काढावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत दुधाचे पैसे जाऊन घराला महिन्याकाठी 3,000 कमी पडतात, त्यांचे 15,000 ठेवावे. दिवाळीचे 5,000 गेले. उरले 30,000. हे कोठे भरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

अनेकजण ते सोसायटीत भरतात. सोसायटीचे देणे मोठे दिसते आणि वसुलीची आठवणही तेथूनच येते. पण महाराष्ट्रात 3 लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र व राज्याच्या व्याजसवलतीमुळे त्याचे व्याज शेतकऱ्यावर पडत नाही. मार्चपूर्वी तेथे पैसे भरून लाभ नाही. तेच 30,000 व्याजी कर्जाच्या मुद्दलात दिले की दरमहाचे व्याज 1,800 वरून 900 वर येते. पैसे देताना पावती घ्यावी व रक्कम मुद्दलात जमा झाल्याचे लिहून घ्यावे.

जानेवारी ते मार्च या काळात तूर व हरभऱ्याचे 99,000 येतात. या वेळी मात्र प्रथम हक्क सोसायटीचा. मुदत चुकली तर सवलत जाते आणि पुढील कर्जही अडते. 80,000 भरून व पाच महिन्यांचे व्याज 4,500 देऊन 14,500 उरतात. मार्च ते मे या तीन महिन्यांच्या 19,500 खर्चापैकी 18,000 मजुरीतून भागतात. म्हणजे 13,000 हाती राहतात. ते खर्चून टाकू नयेत. जून ते सप्टेंबर ही खरी खिंड आहे. खर्च 42,000, दूध 14,000, तूट 28,000. बहुतेक व्याजी कर्जे याच चार महिन्यांत जन्मास येतात. नव्या पीककर्जातून खरिपाचे 55,000 वजा जाता 25,000 राहतात व साठवलेले 13,000 असतात. तूट भरून 10,000 उरतात. ऑक्टोबरपर्यंतचे व्याज 6,300 देऊन व सन्मान निधी मिळवून सुमारे 9,700 शिल्लक राहतात. दुसऱ्या ऑक्टोबरात पुन्हा 30,000 दिले की व्याजी कर्ज संपते.

हे गणित काठावरचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सोयाबीन एकरी चार क्विंटलांवर आले तर 24,000 कमी होतील आणि पहिल्या ऑक्टोबरात 6,000 च देता येतील. अशा वर्षी मुदत लांबते. योजना मोडली असे समजू नये. परंतु मार्चमध्ये ‘नवे-जुने’ करण्यासाठी व्याजाने रक्कम उचलण्याचा मोह येतो, तेथे सावध असावे. 80,000 रुपये एका महिन्यासाठी शेकडा तीनने घेतले तर 2,400 रुपये जातात; नवे कर्ज मंजूर होण्यास आणखी एक महिना लागला तर 4,800. मुदतीत फेडीने जे वाचले, ते येथेच गमावले जाते. पीक हातचे गेले असेल तर मुदत संपण्यापूर्वीच सोसायटीच्या सचिवास लेखी कळवावे व दुष्काळ अथवा अतिवृष्टी जाहीर झाल्यास कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी करावी.

सावकाराकडून कर्ज घेतले असल्यास त्याचा परवाना पाहावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 अन्वये परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि सावकारास मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. आजवर किती व्याज दिले याची बेरीज करून ठेवावी. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. या बेरजेसाठी वेगळी वही लागत नाही. मुलांच्या जुन्या वहीतील कोरी पाने पुरतात. मात्र दर आठवड्याच्या बाजारानंतर, आठवण ताजी असताना, तीत लिहिले गेले पाहिजे.