टाच उंच, पोटरी आखूड

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे १७०१ सालचे एक भव्य चित्र आहे. हियासिंथ रिगो या चित्रकाराने ते काढले. साठी ओलांडलेल्या राजाने अंगावरचा जड झगा बाजूला सारून पाय ऐटीत पुढे केले आहेत. पायांत फिकट रंगाचे बूट आहेत आणि त्यांच्या उंच टाचा लालभडक. आज हे चित्र पाहून कुणी गालात हसेल. पण त्या काळात अशी टाच म्हणजे सत्तेची आणि मर्दुमकीची खूण होती.

तीनशे वर्षांनंतर ही टाच पुन्हा पुरुषांच्या पायांत येऊ लागली आहे. हॅरी स्टाइल्ससारखे गायक घोट्यापर्यंतचे उंच टाचेचे बूट घालून वावरतात. मोठ्या फॅशन कंपन्या पाच-सात सेंटिमीटर टाचेचे पुरुषांचे बूट विकतात आणि हौशी तरुण ते कामावर जातानाही घालतात. आपल्याकडे हीच हौस जरा लपूनछपून चालते. ‘उंची वाढवणारे बूट’ आणि बुटात सरकवायचे इनसोल यांच्या जाहिराती ऑनलाइन बाजारात पदोपदी दिसतात.

कुणी काय घालावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पायाला मात्र फॅशन कळत नाही. त्याला कळतो तो कोन, भार आणि तास. उंच टाचेमुळे शरीरात काय घडते याचा अभ्यास गेली काही दशके जवळजवळ सगळा स्त्रियांच्या पायांवर झाला. रोज असे बूट घालणाऱ्या पुरुषांनी तो स्वतःसाठी वाचण्याची वेळ आता आली आहे.

रिकिबीतून दरबारात

उंच टाचेचा जन्म घोड्याच्या पाठीवर झाला. इराणी घोडेस्वार रिकिबीत उभे राहून धनुष्यबाण चालवत. पाय पुढे सटकू नये म्हणून बुटाची टाच रिकिबीत अडकून राहणे गरजेचे होते. १५९९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने युरोपातील राजांकडे शिष्टमंडळ पाठवले. तुर्की साम्राज्याविरुद्ध मित्र जोडणे हा त्यामागचा हेतू. या भेटीगाठींच्या काळात युरोपच्या दरबारांत इराणी वस्तूंचे वेड पसरले आणि टाचेचे बूट उमरावांच्या पायांत आले. स्त्रियांनी टाच उचलली ती पुरुषांच्या पोशाखातून. अठराव्या शतकात पुरुषांचा पोशाख साधा आणि कामापुरता होत गेला, तेव्हा टाच बायकी ठरली. टोरांटोच्या बाटा शू म्युझियमने २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचेच्या या इतिहासावर खास प्रदर्शन भरवले होते.

त्यानंतरही टाच पुरुषांकडे अधूनमधून परतत राहिली. अमेरिकेतील गुराख्यांच्या बुटांना ती रिकिबीसाठीच होती. १९६० च्या दशकात बीटल्सनी ‘क्युबन’ म्हटल्या जाणाऱ्या टाचेचे बूट जगभर पोहोचवले. १९७० च्या दशकात तर मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतही बेलबॉटमखाली जाड तळव्याचे, उंच टाचेचे बूट खटखटत होते. त्या पिढीतले अनेक जण आज आजोबा झाले आहेत आणि जुना अल्बम उघडला की नातवंडे त्यांची फिरकी घेतात.

टाच वर गेली की काय होते?

अनवाणी उभे राहिल्यावर शरीराचा निम्म्याहून अधिक भार टाचांवर असतो. टाच उचलली की तो पुढे, चवड्यावर सरकतो. टाच जितकी उंच, तितका अंगठ्याच्या आणि बोटांच्या बुडाशी असलेल्या हाडांवरचा दाब वाढत जातो. बुटाचे टोक निमुळते असेल तर तोच भार बोटांना एकमेकांवर दाबतो. कुरूप, भोवरी, बोटे आकसणे, अंगठ्याच्या बुडाचे हाड बाहेर येणे या तक्रारी तिथून सुरू होतात. अंगठ्याच्या व्यंगात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, पण अरुंद बूट त्याला खतपाणी घालतो.

दुसरा बदल घोट्यात होतो. नडगीच्या खाली टॅलस नावाचे हाड खोबणीत बसवल्यासारखे असते. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद आहे. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच वर गेली की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. उंच टाचेवर पाय सहज मुरगळतो त्याचे हे एक कारण. घोट्यावर घट्ट बसणारा बूट थोडा आधार देतो. पण हाडांची बैठक तो बदलू शकत नाही.

इथे एक साधे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. महत्त्वाची असते ती टाच आणि चवडा यांच्या उंचीतील तफावत. टाच सात सेंटिमीटर असेल आणि चवड्याखालचा तळवा तीन सेंटिमीटर जाड असेल, तर पायाला जाणवणारी उंची चारच सेंटिमीटरची. सत्तरच्या दशकातील जाड तळव्याचे बूट दिसायला अचाट होते, पण त्यांतला उतार दिसतो तितका तीव्र नव्हता. त्यांचा धोका वेगळा होता. तळवा वाकत नाही, जमीन जाणवत नाही आणि पाय अडखळतो.

पोटरीच्या आत

टाच सतत वर राहिली की पोटरीचा स्नायू आखडलेल्या अवस्थेत राहतो. स्नायू हा सवयीचा गुलाम असतो. ज्या लांबीत त्याला रोज राहावे लागते, त्या लांबीशी तो जुळवून घेतो.

मार्को नारिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजून दाखवले. किमान दोन वर्षे, आठवड्यातून बहुतेक दिवस पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच टाच वापरणाऱ्या स्त्रियांची तुलना सपाट चपला-बूट वापरणाऱ्या स्त्रियांशी केली गेली. उंच टाचवाल्यांच्या पोटरीतील स्नायूंचे तंतू सुमारे १३ टक्के आखूड निघाले. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे अ‍ॅकिलिस टेंडन, जाड आणि ताठर झाली होती. स्नायूंची ताकद घटली नव्हती. मात्र घोटा पूर्वीइतका वाकत नव्हता. वर्षानुवर्षे टाच वापरणाऱ्या बाईला सपाट चपलेत पोटरी ओढल्यासारखी का वाटते, याचे उत्तर इथे मिळाले.

दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पुढचा दुवा जोडला. आठवड्याला ४० तास उंच टाच वापरणाऱ्या स्त्रियांना त्यांनी अनवाणी चालायला लावले. बूट पायांतून निघाले होते, चाल मात्र बदललेलीच राहिली. सपाट पायांनी चालतानाही त्यांच्या पोटरीच्या तंतूंवर जास्त ताण येत होता. बूट काढल्यावर परिणाम संपतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. या दोन्ही अभ्यासांत सहभागी झालेल्या स्त्रियांची संख्या लहान होती, पण दोन्हींचे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात. पोटरीचे तंतू पुरुषाचे असोत की स्त्रीचे, ते एकाच पद्धतीने काम करतात.

रुंद टाचेचा भ्रम

पुरुषांच्या बुटांची टाच बहुधा रुंद आणि चौकोनी असते. सुईसारखी टाच वाईट, रुंद टाच निर्धोक, असे अनेकांना वाटते. घोटा मुरगळण्यापुरते ते बरोबरही आहे. गुडघ्याचे मात्र तसे नाही.

डॉ. केसी केरिगन यांच्या गटाने १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की उंच टाचेवर चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा पिळाचा भार अनवाणी चालण्यापेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. गुडघ्याची झीज बहुतेकांत याच बाजूला सुरू होते. २००१ मध्ये त्यांनी रुंद टाचेचे बूट तपासले. हा भार तिथेही साधारण एक चतुर्थांशाने वाढला. अरुंद टाचेपेक्षा कमी नव्हताच. याच गटाने २००३ मध्ये पुरुषांचे नेहमीचे ऑफिसचे आणि खेळाचे बूट तपासले, तेव्हा अशी लक्षणीय वाढ आढळली नाही. म्हणजे पुरुषांचे गुडघे आजवर काही प्रमाणात वाचले ते त्यांच्या सपाट बुटांमुळे. भार वाढला म्हणजे संधिवात होणारच असे नाही. वजन, जुनी दुखापत, वय, आनुवंशिकता या गोष्टीही मोजाव्या लागतात. पण आधीच गुडघा कुरकुरत असेल तर त्याच्यावर जास्तीचा बोजा कशाला?

कंबरेबाबतचे चित्र मात्र इतके सरळ नाही. उंच टाचेने पाठीचा बाक हमखास वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजमापांत काहींचा बाक वाढलेला, काहींचा कमी झालेला, तर काहींचा होता तसाच आढळतो.

पुरुषाच्या पायाचे वेगळेपण

लांब पाऊल पुरुषाच्या फायद्याचे ठरते. सात सेंटिमीटरची टाच २३ सेंटिमीटर लांबीच्या पावलाला साधारण २५ अंशांचा उतार देते, तर २७ सेंटिमीटरच्या पावलाला २१-२२ अंशांचा. पण पुरुषाचे वजन सहसा जास्त असते, त्यामुळे चवड्यावर येणारा भारही जास्त. शिवाय अनेक मुली कमी उंचीच्या टाचेपासून सुरुवात करतात. तिशीतला पुरुष मात्र एखाद्या दिवशी सपाट बुटातून थेट सात सेंटिमीटरवर चढतो. कंडरेला हा अचानक बदल मानवत नाही.

लपवून वापरायच्या इनसोलची गंमत और आहे. टाचेच्या बुटाची रचना निदान त्या उतारासाठी केलेली असते. साध्या बुटात तीन-चार सेंटिमीटरची गादी सरकवली की टाच बुटाच्या काठापर्यंत वर येते, मागचा आधार सुटतो आणि बोटे पुढे कोंबली जातात. उंची वाढते ती घोट्याच्या भरवशावर.

मधुमेह असेल तर हा विषय हौसेपुरता राहत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते. बूट चावतो आहे हे कळतच नाही आणि चवड्याखालच्या दाबातून जखम होते. अशा व्यक्तींनी उंच टाच आणि निमुळते टोक दोन्ही टाळावे.

घालायचेच असतील तर

टाच ही काही शत्रू नव्हे. वजन उचलणारे खेळाडू सुमारे दोन सेंटिमीटर टाचेचे खास बूट वापरतात, कारण त्यामुळे खोल बैठक मारणे सोपे जाते. अ‍ॅकिलिस कंडरा दुखत असेल तर डॉक्टर काही काळ टाचेखाली छोटी गादी ठेवायला सांगतात. प्रश्न येतो तो उंची, तास आणि सवय यांच्या प्रमाणाचा.

रोजच्या वापरासाठी टाच आणि चवडा यांतली तफावत तीन-चार सेंटिमीटरच्या आत ठेवलेली बरी. सुरुवात तासा-दोन तासांनी करावी आणि रोज तोच बूट न घालता अधेमधे सपाट बूट वापरावेत. बूट घेताना संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बोटे आत हलवता आली पाहिजेत. ओला जिना, लोकलचा दरवाजा आणि मोटारसायकलचा गिअर या तिन्ही ठिकाणी उंच टाच नको.

घरी आल्यावर पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठड्याला धरून, टाचा सावकाश खाली सोडाव्यात. अर्धा मिनिट तसेच थांबावे आणि हे तीन-चार वेळा करावे. पोटरीची लांबी राखायला एवढा व्यायाम मदत करतो.

आपली पोटरी कुठवर आली आहे हे तपासायला यंत्र लागत नाही. पायाच्या अंगठ्याचे टोक भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. तो लागला तर घोटा ठीकठाक वाकतो, असे ढोबळमानाने मानले जाते. आपल्याकडची जुनी परीक्षा त्याहून सोपी. अनवाणी उकिडवे बसावे. पूर्वी टाचा जमिनीवर टेकवून बसता येत होते आणि आता त्या उचलल्या जाऊ लागल्या असतील, तर पोटरी आखडते आहे. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखणे, बोटांना मुंग्या येणे, बूट काढल्यावरही चवडा ठणकत राहणे यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले, तर हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे. आणि जाताना तो बूट सोबत न्यावा. तळव्याची झीज कुठे झाली आहे यावरून पाय कसा पडतो, याचा त्यांना चांगला अंदाज येतो.