विनामूल्य चित्रपट दाखवतानाही निर्मात्याची लेखी संमती आवश्यक

गणेशोत्सव, कोजागिरी किंवा वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळाच्या सभागृहात एखादा मराठी चित्रपट दाखवावा, असा विचार अनेक मंडळे करतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना तर त्याची विशेष ओढ असते. त्यांच्या गावात मराठी चित्रपट चित्रपटगृहात लागण्याचा योग क्वचितच येतो. पडदा उपलब्ध असतो, प्रोजेक्टर भाड्याने मिळतो आणि चित्रपटाची डीव्हीडी एखाद्या सभासदाकडे असते. तिकीट लावायचे नसल्याने परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी कार्यकर्त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत चुकीची आहे.

स्वामित्वहक्क अर्थात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपट जनतेसमोर सादर करण्याचा अधिकार हक्कधारकाचा आहे. प्रेक्षकांकडून पैसे घेतले की नाही, यावर हा अधिकार अवलंबून नाही. प्रेक्षक ‘जनता’ या व्याख्येत बसतात का, हा खरा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या प्रकरणात त्याचा विचार केला होता. केबलवरील चित्रपट प्रत्येक ग्राहक आपापल्या घरी पाहतो, म्हणून ते खासगी प्रदर्शन ठरते, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. घरात बसून पाहणारे ग्राहकही एकत्रितपणे जनताच ठरत असतील, तर सभागृहात जमलेले दोनशे सभासद आणि त्यांचे पाहुणे म्हणजे खासगी कुटुंब आहे, असे म्हणणे कठीण जाईल. डीव्हीडी विकत घेतली वा ओटीटीची वर्गणी भरली, तरी त्यातून मिळते ती घरगुती वापराची मुभा.

या गैरसमजाचे मूळ बहुधा नाटकांत आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाट्यप्रयोग केला, तर कायद्याचे कलम ५२ त्यास स्वामित्वहक्काचा भंग मानत नाही. (तरीही अनेक हौशी संस्था नाटककाराला मानधन पाठवतात, ही प्रथा चांगली आहे.) त्याच कलमाने निवासी संकुलाच्या सामाईक सभागृहात किंवा नफा न कमावणाऱ्या क्लबमध्ये ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सवलत दिली आहे. चित्रपटाचा उल्लेख मात्र या दोन्ही सवलतींत नाही. चित्रपटाला सूट आहे ती शिक्षणसंस्थांच्या उपक्रमांत, आणि तीही प्रेक्षक शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरते मर्यादित असतील तरच. शाळेचे सभागृह मंडळाने भाड्याने घेतले म्हणून ही सूट मंडळाला मिळत नाही.

हक्काचा जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून सौम्य शिक्षा देऊ शकते. पण अध्यक्ष आणि सचिवांनी त्या भरवशावर राहू नये.

संमती कोणाची घ्यावयाची, येथेही गफलत होते. दिग्दर्शक परिचयाचा असतो, प्रमुख कलावंत मंडळाच्या व्यासपीठावर येऊन गेलेला असतो, तो आनंदाने होकार देतो. कायद्याच्या दृष्टीने या होकाराला अर्थ नाही. चित्रपटाचा प्रथम हक्कधारक निर्माता असतो. त्याचे नाव शोधणे फारसे अवघड नसते, कारण चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रातच ते असते. डीव्हीडीच्या वेष्टनावर प्रमाणपत्राची प्रत, चित्रफीत काढणाऱ्याचे आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता छापणे कलम ५२अ नुसार बंधनकारक आहे. निर्मात्याने हे हक्क एखाद्या वितरण कंपनीला विकले असण्याचीही शक्यता असते. म्हणून पहिल्याच पत्रात ‘चित्रपटगृहाबाहेरील सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क सध्या कोणाकडे आहेत?’ असे स्पष्ट विचारावे.

पत्रात प्रदर्शनाची तारीख, स्थळ, आसनसंख्या, खेळांची संख्या, प्रेक्षक कोण असतील, आणि तिकीट, देणगी वा प्रायोजक आहेत का, हे नमूद करावे. चित्रपटाची प्रत कोण पुरवणार, हेही विचारावे. शुल्काचे सरकारी दरपत्रक नाही. ते वाटाघाटीने ठरते आणि लहान मंडळाने सवलत मागण्यात कमीपणा नाही. शुल्क माफ झाले, तरी परवाना लेखी हवा, कारण कायद्याला तोंडी संमती चालत नाही. मराठीतील लहान निर्मात्याला अशा शंभर-दोनशे प्रेक्षकांच्या खेळांतून मिळणारी रक्कमही मोलाची असते, हे येथे नमूद केले पाहिजे.

जुन्या चित्रपटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे त्यावरील हक्क २०२० च्या अखेरीस संपला. परंतु त्यातील गीते ग. दि. माडगूळकरांची असून त्यांचे निधन १९७७ मध्ये झाले. गीतांचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत राहील. संगीतकार सुधीर फडके यांचे निधन २००२ मध्ये झाले, त्यामुळे संगीताचा हक्क त्याहूनही दीर्घकाळ चालेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाला कायद्याचा आधार मिळाला आहे. तेव्हा चित्रपट मुक्त झाला तरी संगीताविषयी चौकशी करून घेणे शहाणपणाचे. जुन्या चित्रपटांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हा विचारणेचा चांगला पत्ता आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मात्र प्रत मिळणे आणि हक्क मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

निर्मात्याचा परवाना हाती आला तरी दोन सरकारी बाबी उरतात. पहिली केंद्राची. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणित केलेले रूपच दाखवावे लागते. केवळ ओटीटीसाठी निर्माण झालेल्या चित्रपटाला असे प्रमाणपत्र बहुधा नसतेच. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट मुलांच्या उपस्थितीत दाखवता येत नाही. ‘तेवढी दोन दृश्ये पुढे सरकवू’ हा तोडगाही उपयोगी नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले असून त्यांत पालकांना मार्गदर्शन अभिप्रेत आहे. चित्रपट महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट मिळते, पण ती सूट निर्मात्याच्या हक्काला लागू होत नाही.

दुसरी बाब राज्याची. राज्यघटनेनुसार चित्रपटाला प्रदर्शनाची मंजुरी देणे हा केंद्राचा विषय आहे, तर प्रदर्शनाच्या जागेचे नियमन राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९५३ चा कायदा आहे, इतर राज्यांचे कायदे निराळे. म्हणून इंदूर, बडोदा वा बंगळूरच्या मंडळाने पुण्यातील मंडळाचा अनुभव प्रमाण मानू नये. स्थानिक जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात आधीच लेखी विचारणा करावी. खेळ उघड्या मैदानात असेल, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे वेळ ठरवतानाच पाहावे.

परवाना हाती पडल्यावर त्यातील तारीख, स्थळ आणि खेळांची संख्या आपल्या अर्जाशी ताडून पाहावी. एका खेळाची संमती त्या एका खेळापुरतीच असते. प्रेक्षकांच्या आग्रहाखातर दुसऱ्या दिवशी तोच चित्रपट पुन्हा दाखवायचा झाला, तर निर्मात्याला पुन्हा विचारावे लागते.